एकशे बेचाळीसपैकी एकशे बेचाळीस

४ जानेवारी

मीटिंग चुकवायची नसते, हे सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी शिकायला हवं होतं. काल दाढ काढून घ्यायला गेले आणि तेवढ्या वेळात कचेरीने मला ‘सुरक्षा व आपत्ती सज्जता समन्वयक’ करून टाकलं. "एकमताने ठराव झाला, मॅडम," साहेब म्हणाले. होणारच. जिचं मत वेगळं असतं ती त्या वेळी तोंड उघडं टाकून दुसऱ्याच खुर्चीत पडली होती.

पगार तोच. वर एक फाइल, एक शिट्टी आणि एक पिवळं जाकीट. जाकीट माझ्या दुप्पट मापाचं आहे. सासूबाई म्हणाल्या, "बरंय की. वेळ आली तर आणखी एकाला आत घेता येईल."

नवऱ्याला म्हटलं, "अहो, माझ्याकडे आपत्ती आलीय." पेपरातून मान वर न काढता तो म्हणाला, "जेवायला थांबणार आहेत का?"

१९ जानेवारी

योजना चौऱ्याहत्तर पानांची झाली. पूर, आग, भूकंप, बॉम्बची धमकी, घुसखोर, संगणकावरचा हल्ला, प्रत्येकाला वेगळं प्रकरण. मधमाश्यांचंही होतं, ते साहेबांनी काढायला लावलं. म्हणाले, आपल्या कचेरीला शोभत नाही. आमची कचेरी पाणीपुरवठ्याची: तीन मजले, एकशे बेचाळीस माणसं, आणि शहराच्या पोटातून कुठला नळ कुठे जातो त्याचे नकाशे. नकाशे माणसांपेक्षा नीट ठेवलेत.

पान एकतीस माझं लाडकं. दोन वर्षांपूर्वी नदीचं पाणी तळमजल्यावर कमरेएवढं चढलं, टेलिफोनचा बोर्ड भिजला आणि आठ दिवस शहराला तक्रार करायला जागा उरली नाही. (कचेरीच्या इतिहासातले ते सगळ्यात सुखाचे दिवस, असंही एक मत आहे.) म्हणून पान एकतीस: बोर्ड तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर हलवणे. कल्पना सर्वस्वी माझी. साहेबांनी समासात ‘उत्तम’ लिहिलं.

बोर्डाबरोबर ऑपरेटरही वर गेले. त्यांना सगळे हॅलोराव म्हणतात. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. वय अठ्ठावन्न, लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला लोखंडी कॅलिपर, काखेत कुबडी. आवाज मात्र असा की नळाला तीन दिवस पाणी नसलेला माणूससुद्धा ‘हॅलो’ ऐकून शिवी गिळतो.

आज ते म्हणाले, "बाई, पूर आला तर बोर्ड कोरडा राहील, हे झालं. माझं काय?"

"तुम्हीही कोरडे राहाल."

"आणि लिफ्ट बंद पडली तर?"

"जनरेटर आहे ना."

"आहे," ते म्हणाले. "तळमजल्यावर."

दोघंही हसलो. मी वहीत टिपून ठेवलं: जनरेटर वर हलवणे.

२ फेब्रुवारी

पहिली रंगीत तालीम. अग्निशमन दलाचे एक अधिकारी पाहायला आले होते. कचेरीत त्यांचं लगेच ‘बंबवाले’ झालं. माणूस रुंद, मिश्या पांढऱ्या, बोलणं कमी.

भोंगा वाजला. पहिला मजला दोन मिनिटांत बाहेर, दुसरा तीन मिनिटांत. मग काहीच नाही. अंगणात उभं राहून आम्ही दाराकडे बघतोय आणि दारातून कुणी येत नाही. जिना अरुंद, एका वेळी दीड माणूस मावेल असा. त्यावर सगळ्यात पुढे हॅलोराव. कुबडी, डावा पाय, उजवा पाय. कुबडी, डावा पाय, उजवा पाय. मागे तिसऱ्या मजल्याची अडतीस माणसं. ओलांडून पुढे जायचं तर धक्का लागणार, आणि आमच्याकडे माणसाला मागे टाकतात ते फक्त बढतीत. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

बंबवाले म्हणाले, "खरी आग असती तर मी आता पंचनामा लिहीत असतो." मग हॅलोरावांकडे न बघता, हळू आवाजात मला: "यांना खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणायचं. तशी खास खुर्ची मिळते. ती घ्या आणि दोन माणसं नेमा. नावानिशी."

दुपारी तिसऱ्या मजल्यावर विचारून आले. अडतीस माणसं, आणि कंबर एकाचीही धड नाही. एकाचा मणका, एकाचा हर्निया, एकाला डॉक्टरांनी ‘जड उचलू नका’ असं तोंडी सांगितलंय. हॅलोराव बोर्डापाशी बसून होते. सगळं ऐकू येईल इतक्याच अंतरावर. त्यांनी हेडफोन लावला होता, म्हणजे ऐकू आलं नसणार.

३ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. शेजारच्या वीज कचेरीने चार मिनिटं बारा सेकंदांत इमारत रिकामी केली म्हणे. मुख्यालयाच्या प्रमाणपत्राला चार मिनिटांच्या आत हवं. "मॅडम, बघा काहीतरी. तुमचं डोकं चालतं."

चाललं. खुर्ची मागवायची तर निविदा, निविदेला सहा महिने, आणि उचलणारी कंबर निविदेतून मिळत नाही. म्हणून सोपा उपाय: तालमीच्या पंधरा मिनिटं आधी हॅलोरावांना कळवायचं. त्यांनी लिफ्टने खाली येऊन फाटकाजवळच्या बाकावर बसायचं. मग भोंगा. जिना मोकळा.

त्यांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. "म्हणजे संकट यायच्या आधी मला कळवणार?"

"हो."

"अख्ख्या शहरात मी एकटाच म्हणायचा!" मग थोडं थांबून, "आणि यादीत काय लिहिणार? बाहेर?"

"पहिलं नाव तुमचंच."

"वा. नोकरीत पहिल्यांदाच पहिला आलो."

माणूस दिलदार आहे. दुसरा कुणी असता तर मनाला लावून घेतलं असतं.

१७ फेब्रुवारी

तीन मिनिटं बावन्न सेकंद! साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. हॅलोराव बाकावर बसून एकेकाला "या, या, बसा, फार पळालात" असं म्हणत होते. लोक हसून लोटपोट.

बंबवाले हसले नाहीत. बाकाकडे बघून म्हणाले, "हे कधी आले?" मी म्हटलं, "सगळ्यांत आधी." खोटं नव्हतं.

यादीत एक सुधारणा केली. हॅलोरावांच्या नावापुढची खूण दर वेळी आधीच होणार, तर ती मूळ कागदावरच करून टाकली आणि त्या कागदाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या. दर तालमीला एक खूण वाचली. वेळ अशीच कणाकणाने वाचवावी लागते.

घरी मी ऐटीत सांगितलं. सासूबाई पाठीवर उशी नीट करत म्हणाल्या, "आणि तो कुबडीवाला? त्याने काय तालीम केली?" म्हटलं, "बाकावर बसण्याची." त्या म्हणाल्या, "ती मलाही येते." एक्क्याऐंशीव्या वर्षी माणसाला सगळ्यात खोट दिसते.

५ मार्च

प्रमाणपत्र आलं. चौकटीत बसवून दारासमोर लावलं. खाली बारीक अक्षरात माझं पद आहे, नाव नाही. तरी जाता-येता मान आपोआप तिकडे वळते. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. इथे खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते.

२१ मार्च

खरा प्रसंग! साडेदहाला बोर्डावर फोन आला: इमारतीत बॉम्ब ठेवलाय. हॅलोरावांनी एका हाताने भोंग्याचं बटण दाबलं आणि त्या माणसाला सहा मिनिटं बोलण्यात गुंतवून ठेवलं. नाव काय, पाणी कुठल्या भागात येत नाही, मीटर क्रमांक सांगा. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अहो, मी धमकी देतोय!" हॅलोराव म्हणाले, "तक्रार नोंदवून घेतली." पोलिसांना तेवढ्यात नंबर सापडला. दोन महिन्यांचं बिल थकलेला कुणी दुकानदार निघाला. बॉम्ब नव्हता.

इमारत तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत रिकामी. विक्रम. मी यादी साहेबांच्या हातात दिली: एकशे बेचाळीसपैकी एकशे बेचाळीस.

परत वर गेले तर हॅलोराव बोर्डापाशीच. सदरा पाठीला चिकटलेला.

"अहो, तुम्ही वरच होतात?"

"लिफ्ट बंद केलीत ना तुम्ही. नियमाप्रमाणे."

"पण यादीत तुम्ही..."

"बाहेर आहे. पाहिलं मी." ते हसले. "धमकीही खोटी होती, बाई. मग मी खोटा बाहेर होतो, त्यात काय बिघडलं?"

२२ मार्च

काल झोप नीट लागली नाही. यादी दुरुस्त करून द्यावी असं सकाळी ठरवलं होतं. पण साहेबांनी तोवर मुख्यालयाला कळवूनही टाकलं होतं आणि तिथून अभिनंदनाचं पत्र निघालं होतं. निघालेलं पत्र परत बोलवायचं तर मला अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

दुपारी हॅलोराव स्वतः माझ्या टेबलाशी आले. ते सहसा येत नाहीत, दोन दालनं ओलांडावी लागतात. म्हणाले, "बाई, बोर्ड पहिल्या मजल्यावर नाही का आणता येणार? पाणी तिथवर चढत नाही. एक जिना मी कसाही उतरेन."

बरोबर होतं. इतकं बरोबर की मला राग आला. पान एकतीस, ‘उत्तम’, सगळं बदलायचं.

"एप्रिलच्या बैठकीत ठेवते," मी म्हटलं.

"नक्की?"

"अहो, शब्द देते."

"मग झालंच," ते म्हणाले आणि परत निघाले. कुबडीचा आवाज दालनभर येत राहिला.

६ एप्रिल

बैठक झाली. विषय बरेच होते. बोर्डाचा राहिला.

९ एप्रिल

भूकंप झाला. आम्ही सगळे घरी सुखरूप आहोत. नवरा सासूबाईंना टेबलाखाली बसवून स्वतः बाहेर उभा राहिला होता. टेबल एकच माणूस मावेल असं, म्हणाला. सहजच म्हणाला.

कचेरीत: पहिला धक्का अकरा वाजून वीस मिनिटांनी. कपाटं सरकली, काच फुटली, लोक धावले. तालमी कामाला आल्या, चार मिनिटांत सगळे अंगणात. मोबाइल सगळ्यांचे मुके. मी पिवळ्या जाकिटात, हातात यादी, शिट्टी फुंकतेय. माझी मलाच मी बरी वाटले. बंबवाले दहा मिनिटांत शिडी घेऊन हजर. "सगळे बाहेर?" मी म्हटलं, "सगळे." त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली.

हॅलोराव बाहेर नव्हते.

लक्षात येताच मी सांगितलं. दलाची माणसं आत गेली. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, जिन्याच्या वळणावर ते सापडले. सरकलेल्या कपाटांतून कशीबशी वाट काढून, मग बसून, एकेक पायरी घसरत तिथवर आले होते. दुसऱ्या धक्क्याला छताचा गिलावा आणि कठड्याचा तुकडा त्यांच्यावर पडला. जिवंत आहेत. उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे.

उजव्या. म्हणजे चांगल्या पायाचं.

१० एप्रिल

शस्त्रक्रिया झाली. पुन्हा उभे राहतील का, डॉक्टर सांगत नाहीत. मी संध्याकाळी जाऊन आले. त्यांच्या पत्नी दाराशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, काही लागलं तर सांगा." त्या म्हणाल्या, "काय लागणार?" नुसता प्रश्न होता.

हॅलोराव गुंगीत होते.

१२ एप्रिल

फळं घेऊन गेले. ते जागे होते. म्हणाले, "या बाई. कशाला त्रास घेतलात?" कचेरीच्या गमती सांगितल्या, ते हसले. मग भिंतीकडे तोंड करून पडले. थकले असतील. निघताना मागे पाहिलं तर वहिनी माझी फळांची पिशवी पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना देत होत्या. मन मोठं आहे त्या माऊलीचं.

१५ एप्रिल

मुख्यालयाची चौकशी येणार. साहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "प्रश्न एकच विचारतील. यादीत बाहेर असलेला माणूस आत कसा?"

मी म्हटलं, "छापील खूण होती."

"असं लिहून देणार आहात?"

मी हातातली फाइल मिटली.

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. उजळलेला चेहरा मी ओळखते, त्यातून परिपत्रक निघतं. "समजा, ते बाहेर आले होते. मग शहराचे फोन चालू राहावेत म्हणून स्वतःहून परत वर गेले. कर्तव्यासाठी. काय?"

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही पाहिलं असं तरी कुणी म्हणतंय?"

खाली आले तेव्हा लिफ्ट दुरुस्त करत होते. जिन्याने आले. वळणावर फरशी धुतली आहे, पण सांधे अजून काळे आहेत.

१८ एप्रिल

गोष्ट साहेबांपेक्षा वेगाने पसरली. आता तिसऱ्या मजल्यावरचे चौघे सांगतात की त्यांनी हॅलोरावांना परत आत जाताना स्वतः पाहिलं. त्यातला एक म्हणे हात धरून थांबवत होता. हर्नियावाला.

पंचवीस तारखेनंतर सत्कार. शाल, मानपत्र, आणि सन्मानपूर्वक सेवामुक्ती. वैद्यकीय कारणाने, दीड वर्ष आधी. मानपत्र लिहायचं काम कुणाकडे, हे सांगायला नको. माझं डोकं चालतं.

२० एप्रिल

मानपत्र लिहिलं. ‘इमारत हादरत असताना निर्भयपणे’, ‘प्राणांची तमा न बाळगता’, ‘आपल्या धीरोदात्त’ वगैरे. एकटाकी. असलं मला फार सहज येतं. वाचून नवऱ्याचे डोळे पाणावले. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माणूस गेला का गं?"

"नाही हो, आई. आहे."

"मग मेल्यासारखं का लिहिलंयस?"

२३ एप्रिल

नऊ तारखेला मी ‘लक्षात येताच सांगितलं’ असं लिहिलंय. आता पान मागे उलटून पाहिलं. ते खोटं आहे. जी वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही तिच्यातसुद्धा मी स्वतःला वाचवलं.

झालं ते असं. सही केली आणि मान वर केली, तर फाटकाजवळचा बाक रिकामा दिसला. तेव्हा अकरा चौतीस. मला तत्क्षणी कळलं. कळायला काही उरलंच नव्हतं. बंबवाले माझ्यापासून पंधरा पावलांवर शिडीपाशी उभे होते. मधे साहेब, आणि त्यांच्यासमोर बंबामागोमाग आलेल्या बातमीवाल्यांचा कॅमेरा. साहेब सांगत होते, "एकशे बेचाळीसपैकी एकशे बेचाळीस. आमच्या मॅडमची तयारी." सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसले. हसले! मनाशी म्हटलं, यांचं बोलणं होऊ दे, मग हळूच सांगते. कदाचित ते मागच्या बाजूने आले असतील. कदाचित आजच रजेवर असतील. सकाळी त्यांनी मला बोर्डावरून फोन जोडून दिला होता, तरी मी हे मनाशी म्हटलं.

अकरा एकोणचाळीसला दुसरा धक्का बसला. जिन्यातून धूळ बाहेर आली.

अकरा एक्केचाळीसला मी बंबवाल्यांकडे गेले.

सात मिनिटं. पहिल्या पाचांत ते धड होते.

२५ एप्रिल

मानपत्र त्यांना वाचून दाखवायला गेले. सत्कारमूर्तीची संमती घ्यायची पद्धत आहे. वहिनी बाजूला उभ्या. मी वाचलं. माझा आवाज बरा लागला.

हॅलोराव डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "‘निर्भयपणे’ काढा."

"का हो?"

"मी घाबरलो होतो, बाई. फार. आईला हाका मारल्या. तिला जाऊन तीस वर्षं झाली. पायजमा ओला झाला होता, हे यांना ठाऊक आहे." त्यांनी वहिनींकडे पाहिलं नाही. "आणि ‘परत गेले’ तेही काढा. मी बाहेर आलोच नव्हतो."

"साहेबांचं म्हणणं, असं लिहिलं तर तुमचाच मान..."

"तिथे खिडकी आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"वळणावर. जाम झालीय, उघडत नाही. पण काचेतून अंगण दिसतं. मी कुबडीने काचेवर ठोकत होतो. खाली एवढा गोंगाट, कुणाला ऐकू जाणार? तुम्ही मात्र दिसत होतात. पिवळ्या जाकिटात चटकन दिसतं माणूस." ते हे अगदी बोर्डावरच्या आवाजात सांगत होते, शांत, प्रत्येक शब्द सुटा. "तुम्ही बाकाकडे पाहिलंत. मला वाटलं, झालं, बाईंना कळलं, आता येतील. ठोकायचा थांबलो. दम लागला होता."

खोलीत पंखा फिरत होता.

"मग तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहिलंत."

मी मानपत्राची घडी घालत राहिले. चार घड्या झाल्या, पाचवी पडेना.

"कुणाला बोललो नाहीये," ते म्हणाले. "यांना सोडून."

वहिनी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "रोज येता, फळं आणता. मी रोज वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल."

२६ एप्रिल

चौकशी अधिकाऱ्यांना निवेदन दिलं. दीड पान. छापील खूण, तालमीआधीचा निरोप, एकवीस मार्च, न ठेवलेला विषय, सात मिनिटं. विशेषणं एकही नाही. सत्तावीस वर्षांत इतकं वाईट मराठी मी लिहिलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी वाचून चष्मा काढला. "मॅडम, हे द्यायलाच हवं असं नाही. प्रकरण जवळजवळ मिटलंय."

"म्हणूनच आणलं," मी म्हटलं.

साहेबांनी दुपारी बोलावलं आणि बसा म्हटलं नाही. "स्वतःचं समाधान करून घेतलंत. कचेरीचं काय? त्या बिचाऱ्याचा सत्कार गेला तो गेलाच." वाक्य लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं.

२९ एप्रिल

निलंबनाचं पत्र आलं. चौकशी पुरी होईपर्यंत. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरलं, असं फोनवर कळलं. हॅलोरावांची सेवामुक्ती स्थगित. ते परत आले तर बोर्ड पहिल्या मजल्यावर असेल, असा आदेश निघाला आहे. आदेशाला एक दिवस लागला. एक दिवस.

नवरा मला काही बोलत नाही. चहा करून देतो. कप ठेवतो आणि उगाच थोडा वेळ उभा राहतो. सासूबाई म्हणाल्या, "आता रड तरी. नाहीतर आजारी पडशील." नाही आलं रडू.

३० एप्रिल

दवाखान्यात गेले. खरं सांगायचं तर आज पाय हलके होते. वाटलं, आज प्रथमच त्यांच्याकडे नीट बघता येईल.

पाय लटकवलेलाच होता. त्यांनी निवेदनाची प्रत वाचली होती, चौकशीवाल्यांनी दिली म्हणे.

"बरं लिहिलंत," ते म्हणाले. "मिनिटंही बरोबर आहेत."

"हॅलोराव, मला माफ..."

"थांबा, बाई." हात वर केला, बोर्डावर एक लाइन धरून ठेवताना करायचे तसा. "कागदाचं काम झालं. चांगलं झालं. आता एक सांगू? राग मानू नका."

"सांगा ना."

"तुम्ही येत जाऊ नका."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पण त्यांचा आवाज नीट ऐकू न येण्यासारखा कधीच नसतो.

"तुम्ही आलात की मला हसावं लागतं. तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलावं लागतं. पहिल्यापासून तेच करत आलो, त्या बाकावरसुद्धा. लोक पळत यायचे, मी गमती करायचो. म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं वाटू नये. आता नाही जमत. पाय दुखतो."

वहिनींनी माझी पर्स स्टुलावरून उचलली आणि माझ्या हातात दिली. रागाने नाही. जाणाऱ्या माणसाला देतात तशी.

मी "येते" म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द तिथे चालणार नाही, हे लक्षात आलं. दुसरा कुठला सुचेना. तशीच निघाले.